पुसदच्या नगराध्यक्षपदापासून जिल्हा परिषदेच्या कायद्यापर्यंत
(कै. वसंतराव नाईक यांच्या सार्वजनिक जीवनातील एक मागे पडलेला अध्याय)

‘नाईक’ हे आपल्या समाजात आडनाव होण्याच्या कितीतरी आधीपासून ते एक पद होते. तांडा कोठे उतरावयाचा, जनावरांना चारा-पाणी कोठे मिळेल, दोन घरांत तंटा झाला तर तो कोणापुढे मांडावयाचा, परक्या मुलखात शिरताना तेथील अंमलदाराशी कोणी बोलावयाचे, हे सारे नायकाने ठरवावयाचे. त्याच्या जोडीला कारभारी असे, हासाबी-नसाबी वडीलधाऱ्यांची बैठक असे. निर्णय त्या बैठकीत सर्वांसमक्ष होई. लिहिलेला कायदा नव्हता, दप्तर नव्हते. परंतु कारभार होता आणि तो उघड्यावर चाले. आजच्या शब्दांत त्यास स्थानिक स्वराज्य म्हणावयाचे की नाही याविषयी मतभेद होऊ शकेल. नायकपण बहुधा वंशपरंपरेने चाले आणि त्या बैठकीत स्त्रियांना आवाज नव्हता, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

हे सारे आरंभी लिहिण्यास कारण असे की, आपल्या जिल्ह्यातील ज्ञातिबांधवांच्या घरोघरी ज्यांची तसबीर आढळते, ज्यांच्या नावाची पाटी परभणीच्या कृषी विद्यापीठावर आहे आणि ज्यांचा जन्मदिवस १ जुलै हा राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो, त्या वसंतरावांची ओळख बहुतेकांस ‘मुख्यमंत्री’ एवढीच असते. अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते पद भूषविले, तेव्हा तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु मुख्यमंत्री होण्यापूर्वी सतरा वर्षे ते एका लहानशा गावाचे नगराध्यक्ष झाले होते. परभणीपासून रत्नागिरीपर्यंत प्रत्येक जिल्ह्याचा ग्रामीण कारभार ज्या चौकटीत चालतो ती चौकट ज्या समितीने आखून दिली, त्या समितीचे अध्यक्षही तेच होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सदर लेखात तोच दाखविण्याचा यत्न केला आहे.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. वडील फुलसिंग, आई हुणाबाई. आजोबा चतुरसिंग यांनी फिरता तांडा थांबवून गहुलीची वस्ती केली, असा कुटुंबाचा इतिहास सांगतात. त्या पिढीतील पुष्कळ तांड्यांची हकीकत अशीच आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख ओलांडणाऱ्या लमाणांचा धंदा पक्क्या सडकांनी आणि आगगाडीने बसविला. आपल्याकडे मनमाड-हैदराबाद मार्ग १९०० साली सुरू झाला आणि परभणीच्या बाजारचा माल गाडीच्या डब्यांत भरू लागला. जो माल न्यावयास पूर्वी शेकडो बैल लागत, तो एका रात्रीत जाऊ लागल्यावर बैलांच्या मालकाने करावयाचे काय? कोणी जंगलाच्या कडेला जमीन फोडली, कोणी दुसऱ्याच्या शेतात सालदार झाले. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात आणि गंगाखेडकडील बालाघाटाच्या रांगेत जे तांडे दिसतात, ते या स्थित्यंतराच्या खुणा होत.

फुलसिंगांनी मुलांना शिकविण्याचा निश्चय केला. गहुलीत शाळा नव्हती. वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या निरनिराळ्या गावी, एकेका इयत्तेसाठी एकेक गाव पालथे घालीत झाले. पुढे अमरावती आणि नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १९४० साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. तांड्यात जन्मलेला मुलगा वकील होणे त्या काळी किती विरळा होते, हे आपल्या घरातील वृद्ध मंडळींना विचारावे.

अमरावतीस त्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिलीस आरंभ केला. हा योग महत्त्वाचा आहे. पंजाबराव पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, परंतु त्यांच्याही सार्वजनिक जीवनाचा आरंभ स्थानिक संस्थेतच झाला होता. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले आणि त्या अधिकारात सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम त्यांनी केले. मोठ्या राजधानीत बसून जे कायद्याने होत नाही, ते एखाद्या कौन्सिलाच्या अध्यक्षाला विहिरीच्या काठावर उभे राहून करता येते, हा धडा त्यांच्या कचेरीत काम करणाऱ्या तरुण वकिलाच्या मनावर ठसला नसेल असे मानणे कठीण आहे.

१९४१ साली वसंतरावांचा विवाह नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी झाला. वधू ब्राह्मण कुटुंबातील, वर बंजारा. दोन्हीकडून विरोध झाला, आणि आपल्याकडूनही झाला, हे या स्मरणिकेत लिहिण्यास संकोच का वाटावा? ज्या पुरुषाचा आज आपण अभिमान बाळगतो, त्याच्या विवाहाच्या वेळी आपल्यापैकी कित्येकांनी तोंड फिरविले होते. वत्सलाबाईंनी पुढे गहुलीचे घर आणि समाज दोन्ही आपले मानले.

पुसदला परतल्यावर वसंतराव १९४३ ते १९४७ पुसदच्या कृषी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ते पद त्यांच्याकडे १९५२ पर्यंत राहिले.

येथे क्षणभर नकाशा पाहावा. पुसद आणि उमरखेडचा मुलूख आणि आपला त्या वेळचा परभणी जिल्हा यांच्या मधून पैनगंगा वाहते. नदीच्या पल्याड वऱ्हाड. तो मुलूखही मूळचा निजामाचाच, पण १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला. तेथे १९२२ च्या कायद्यानुसार निवडून आलेली नगरपालिका होती. तिचे सभासद कर बसवीत, दिवाबत्ती पाहत, शाळा चालवीत आणि गावकऱ्यांच्या शिव्याही खात. नदीच्या अल्याड, आपल्या बाजूस, निजामाची राजवट होती. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ साली घातलेली बंदी उठली ती १९४६ सालीच. म्हणजे ज्या वर्षी गहुलीच्या तांड्यातील एक तरुण पुसदच्या नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसला, त्याच वर्षी कळमनुरी-हिंगोलीच्या बाजूला त्याच्याच भाऊबंदांना राजकीय पक्षाचे सभासद होण्याची नुकतीच मुभा मिळत होती. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ उजाडल्यानंतरच ही स्थिती पालटली. पाण्याची एक धार, पण तिच्या दोन काठांवर कारभाराची सवय किती निराळी! आपल्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना पुढे जे पुष्कळसे नव्याने शिकावे लागले, त्याचे मूळ या अंतरात आहे.

नगरपालिकेच्या कारभारात माणूस काय शिकतो, हे ज्याने एखादी निवडणूक लढविली आहे त्यास सांगावयास नको. आमदाराचे भाषण गाजले की नाही ते वर्तमानपत्रावरून कळते. नगराध्यक्षाचे काम झाले की नाही ते सकाळी दार उघडताच गटारावरून कळते. तुटपुंजे उत्पन्न, अनंत मागण्या आणि रोज तोंडासमोर येणारी माणसे यांत सहा वर्षे काढलेला मनुष्य फार वचने देत नाही. वसंतराव सौम्य होते, कोणास तोडून बोलत नसत, असे त्यांच्याविषयी सर्वजण सांगतात. हा त्यांचा स्वभाव तर असेलच. पण तो पुसदच्या गल्ल्यांनी घडविलेला स्वभावही असावा.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून त्या वेळच्या मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पं. रविशंकर शुक्ल. वसंतरावांकडे महसूल खात्याचे उपमंत्रिपद आले. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच निवडणुकीत परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना पाठविले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि पैनगंगेचे दोन्ही काठ प्रथमच एका विधानसभेखाली आले. नव्या राज्यात वसंतराव प्रथम सहकार आणि नंतर कृषी खात्याचे मंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते त्यांच्याकडे होते.

आता मुख्य विषयाकडे वळू.

नव्या महाराष्ट्रात तीन प्रदेश तीन निरनिराळ्या कायद्यांची ओझी घेऊन आले होते. पश्चिम महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याची जिल्हा लोकल बोर्डे होती. विदर्भात १९४८ च्या कायद्याखालील जनपद सभा होत्या. मराठवाड्यात हैदराबाद राज्याने १९५५ साली केलेल्या कायद्याची जिल्हा बोर्डे होती आणि तीही अगदी नवी. एकाच राज्यातील तीन शेतकऱ्यांनी रस्त्यासाठी अर्ज करावयाचा तर तिघांची दारे तीन प्रकारची! दुसरीकडे दिल्लीहून बळवंतराय मेहता समितीचा अहवाल नोव्हेंबर १९५७ मध्ये येऊन पडला होता. विकासाच्या योजना सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून लोकप्रतिनिधींच्या हाती गेल्या पाहिजेत, असे त्या अहवालाचे सार. राजस्थान आणि आंध्र यांनी १९५९ सालीच आरंभ केला होता.

महाराष्ट्र सरकारने जून १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद वसंतरावांकडे दिले. मार्च १९६१ मध्ये समितीने अहवाल सादर केला. त्यात २२६ शिफारशी होत्या. त्यावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यातील जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. परभणी जिल्हा परिषदेचा जन्मही त्याच दिवसाचा.

समितीने मेहता समितीची नक्कल केली नाही, हा या प्रकरणातील गाभा आहे. मेहता समितीचा भर तालुक्याच्या म्हणजे गटाच्या पातळीवर होता; जिल्ह्याची संस्था सल्ला देणारी आणि देखरेख करणारी असावी असे तिचे मत. नाईक समितीने हे उलटे केले. तालुका लहान, त्याचे उत्पन्न लहान, तेथे चांगला अभियंता किंवा डॉक्टर नेमून ठेवणे परवडणार नाही. म्हणून खरी सत्ता, पैसा आणि नोकरवर्ग जिल्ह्याच्या संस्थेकडे असावा आणि पंचायत समितीने तिच्या अंगाने काम करावे, असा समितीचा निर्णय. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, शेतीविस्तार, पशुसंवर्धन ही कामे जिल्हा परिषदेकडे आली.

दुसरा निर्णय अधिक धाडसाचा. जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवण्यात आले. कलेक्टर म्हणजे सरकार, ही दीडशे वर्षांची समजूत. निजामीतील अव्वल तालुकदार तर आमच्या आजोबांच्या पिढीस देवापेक्षा थोडाच कमी वाटे. त्या पदास बाजूला ठेवून, त्याच दर्जाचा मुख्य कार्यकारी अधिकारी निवडून आलेल्या अध्यक्षाच्या शेजारी बसविणे आणि सभेने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी त्याच्याकडून करविणे, ही कल्पना महसूलमंत्र्याच्या हातून यावी याचे कौतुक वाटते. कलेक्टर हे महसूल खात्याचेच माणूस. स्वतःच्या खात्याचे हात आखूड करणारा मंत्री रोज आढळत नाही. नगराध्यक्ष असताना वरच्या मंजुरीची वाट पाहत बसण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे त्यालाच हे सुचावे, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

तिसरा निर्णय आमदार-खासदारांविषयी. इतर राज्यांत ते पंचायत समित्यांवर पदसिद्ध बसत. महाराष्ट्रात त्यांना जिल्हा परिषदेत स्थान दिले नाही. स्वतः विधानसभेत बसलेल्या गृहस्थांनी आपल्याच मंडळींना दार बंद करावे हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण तसे केले नसते तर प्रत्येक सभेत तालुक्याचा आमदारच बोलला असता आणि बाकीच्यांनी माना डोलविल्या असत्या. दार बंद केल्यामुळे आत नवी माणसे तयार होण्यास जागा झाली.

ती तशी तयार झाली, हे पुढच्या साठ वर्षांनी दाखविले. बाभळगावचे सरपंच, उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापती राहिलेले विलासराव देशमुख १९८० साली आमदार आणि १९९९ साली मुख्यमंत्री झाले. बीड जिल्हा परिषदेत १९७८ साली निवडून आलेले गोपीनाथ मुंडे १९८० साली विधानसभेत पोहोचले. सांगली जिल्हा परिषदेत १९७९ साली शिरलेले आर. आर. पाटील १९९० साली तासगावचे आमदार झाले. आपल्या जिल्ह्यात परभणी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष राहिलेले राजेश विटेकर २०१९ साली लोकसभेस पराभूत झाले, जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेवर गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाथरीतून विधानसभेवर निवडून आले. पक्ष निरनिराळे, जाती निरनिराळ्या, पण पायऱ्या त्याच. कोणत्याही पक्षाची येथे शिफारस करावयाची नाही. कायद्याने बांधलेला जिना कसा वापरला गेला एवढेच दाखवावयाचे आहे.

याची दुसरी बाजूही आहे. आमदारास बाहेर ठेवल्याने आमदार आणि जिल्हा परिषद अध्यक्ष ही दोन संस्थाने उभी राहिली. रस्ता कोणी आणला याची पाटी लावण्यावरून दोघांत चढाओढ सुरू झाली. जिना चढून वर गेलेला माणूस वर पोहोचताच खालच्या संस्थेचे अधिकार वाढवील अशी अपेक्षा होती. पुष्कळदा त्याने ते कमीच केले. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प बहुतांशी सरकारी अनुदानावर चालतो, तेव्हा दोरी कोणाच्या हाती राहिली हे सांगावयास नको. आणि सत्ता जिल्ह्याच्या पातळीवर गोळा केल्याने ती मोठ्या जमीनदार घराण्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या वर्तुळात राहिली, हा आक्षेप अभ्यासकांनी वारंवार घेतला आहे. तो सर्वस्वी खोटा नाही.

आपल्या दृष्टीने याहून जवळचा प्रश्न तांड्याचा. ग्रामपंचायतीचा कायदा निराळा, १९५८ चा. तो महसुली गावावर आधारलेला. तांडा बहुधा महसुली गाव नसतो. तो कोणत्या तरी मोठ्या गावाची वाडी असतो, दीड-दोन कोसांवर टेकाडाला लागून. ग्रामपंचायत मोठ्या गावात, पाण्याची टाकी मोठ्या गावात, तलाठ्याचे दप्तर तेथेच. तांड्याचा एखादा सदस्य निवडून येई, पण बहुमत गावाचे असे. तांड्याने स्वतंत्र ग्रामपंचायत मागावी तर लोकसंख्येची अट आडवी येई. ज्या समाजात नायकाच्या बैठकीत आपले निर्णय आपण करण्याची रीत होती, तो समाज नव्या स्थानिक स्वराज्यात पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या गावचा पाहुणा ठरला. वसंतरावांच्या समितीने आखलेल्या चौकटीतही ही फट राहून गेली. पुढे तांडा-वस्ती सुधारण्यासाठी शासनाने योजना आखली आणि तिला वसंतरावांचेच नाव दिले. तिने काही तांड्यांत रस्ते आले, दिवे आले, समाजमंदिरे उभी राहिली. परंतु योजना आणि पंचायत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मिळते ते दुसऱ्याने दिलेले असते.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीचे सविस्तर वर्णन येथे करण्याचे कारण नाही. ते पुष्कळांनी केले आहे. आपल्या जिल्ह्याशी ज्याचा संबंध आहे तेवढेच सांगतो.

१९६५ साली धान्याची टंचाई असताना त्यांनी पुण्याच्या जाहीर सभेत, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपणांस फासावर चढवावे, अशा अर्थाची प्रतिज्ञा केली. ही गोष्ट आपल्या समारंभांत नेहमी सांगितली जाते आणि जणू ती प्रतिज्ञा पूर्ण झाली असे ऐकणाऱ्यास वाटते. तसे झाले नाही. संकरित ज्वारीचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची मोठी मोहीम झाली, उत्पादन वाढले, शेतीकडे पाहण्याची सरकारची दृष्टी पालटली. परंतु राज्यास बाहेरून धान्य आणावेच लागे. ज्याने फारशी वचने देऊ नयेत हे नगरपालिकेत शिकले होते, त्याच्या तोंडून हे एक वचन निसटले असे म्हणावे काय? की शेतकऱ्याच्या प्रश्नाला तेवढे वजन मिळावे म्हणून त्यांनी जाणून पणाला लावलेली ती प्रतिष्ठा होती? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी अजूनही काही मंडळी आपल्यात आहेत. विधान परिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याआधीच लहान प्रमाणावर सुरू झाली होती. दुष्काळात सरकारने कामे काढली, पाझर तलाव खोदले, नाल्यांना बांध घातले; १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे या कामांवर होती. तांड्यांतील घरेच्या घरे खडी फोडावयास गेली. इतकी माणसे मोजून कामावर लावणे, हजेरी ठेवणे, मजुरी वाटणे, हे मुंबईतून होण्यासारखे नव्हते. तालुक्यातालुक्यांत महसूल खात्याच्या बरोबरीने गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक यांचे जे जाळे दहा वर्षांपूर्वीच्या कायद्याने विणले होते, ते त्या वेळी उपयोगी पडले.

त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणीत शेतीसंशोधनाची परंपरा १९१८ साली निजाम सरकारने काढलेल्या प्रयोगक्षेत्रापासूनची, आणि कृषी महाविद्यालय १९५६ पासूनचे. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ राहुरीस, दुसरे अकोल्यास झाल्यावर मराठवाड्याच्या वाट्यास काय, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि तो विचारल्यावाचून विद्यापीठ आले नाही. वसंतरावांच्या जन्मशताब्दीस, २०१३ साली, त्यास त्यांचे नाव मिळाले.

परंतु याच कारकीर्दीच्या अखेरीस जे घडले तेही विसरता येत नाही. १९७४ साली मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. रेल्वे, उद्योग, नोकऱ्या या सर्वांत आपण मागे राहिलो, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या वसमतेत पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे प्राण गेले. राज्याचे मुख्यमंत्री वसंतरावच होते. ज्या माणसाने सत्ता जिल्ह्यांत नेण्याचा कायदा घडविला, त्याच्याच राज्यात एका जिल्ह्याच्या मुलांना आपले गाऱ्हाणे ऐकविण्यास रस्त्यावर उतरावे लागले. त्यांच्या गौरवाच्या लेखात हे लिहू नये, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते; परभणीत प्रसिद्ध होणाऱ्या लेखात तर ते लिहिलेच पाहिजे.

फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आलेले शंकरराव चव्हाण नांदेडचे, आणि त्यांच्याही कारकीर्दीचा आरंभ नांदेडच्या नगराध्यक्षपदाने झालेला. पुसद आणि नांदेड या दोन नगरपालिकांनी राज्यास लागोपाठ दोन मुख्यमंत्री द्यावेत, हा योगायोग गमतीचा आहे. जायकवाडीचे पाणी कालव्याने परभणीच्या शिवारात आणण्यामागे याच शंकररावांची पाटबंधारे खात्यातील वर्षे होती. वसंतराव १९७७ च्या निवडणुकीत, काँग्रेसची देशभर पडझड होत असताना, वाशीममधून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

जिल्हा परिषदेचे पुढे काय झाले? १९९३ च्या घटनादुरुस्तीने तिच्या निवडणुका नियमित घेणे बंधनकारक झाले, स्त्रियांना प्रथम एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. आपल्या समाजास नागरिकांच्या मागास प्रवर्गातून जागा मिळू लागल्या आणि तांड्यांतील भगिनी पंचायत समितीच्या सभेत बसू लागल्या. नायकाच्या बैठकीत जे कधी झाले नाही ते येथे झाले. नंतर २०२१ साली त्या प्रवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात निघाला, २०२२ साली बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, आणि त्यापुढील काही वर्षे परभणीसह त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या अधिकाऱ्यास १९६१ च्या कायद्याने सभेच्या ठरावाची अंमलबजावणी करण्यासाठी बसविले होते, तोच सभेवाचून ठराव करू लागला. त्या काळात तांड्याच्या रस्त्याचा अर्ज कोणाकडे द्यावयाचा, असे आपल्यापैकी कित्येकांनी एकमेकांस विचारले असेल.

वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव यांची हकीकत सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. ते प्रथम गहुलीचे सरपंच झाले, मग पुसद पंचायत समितीचे सभापती, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, त्यानंतर आमदार, आणि २५ जून १९९१ रोजी राज्याचे मुख्यमंत्री. चुलत्याने जो जिना कागदावर आखला होता, त्याची एकही पायरी न गाळता पुतण्या वर चढला. राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले ते त्यांच्याच कारकीर्दीत, १९९२ साली. चतुरसिंग नायकांनी जो तांडा गहुलीच्या माळावर उतरविला, त्याच्या पणतूने त्याच माळावरच्या ग्रामपंचायतीत पहिली सही केली होती.